एका प्रतीमागे एक टोला

मी एक जुनी घंटी आहे. शाळेच्या व्हरांड्यात टांगतात ती नव्हे, सायकलच्या दांड्यावरची तर नव्हेच. मी काउंटरवर बसून राहणारी. तळाला काळी लोखंडी चकती, वर उपड्या वाटीसारखी पितळी टोपी आणि टोपीच्या मधोमध एक बटण. बटण दाबले की आतली हातोडी टोपीवर आपटते आणि मी 'टिंग' म्हणते. मला एवढेच बोलता येते. मित्रांनो, माझ्या हातून जी चूक झाली ती या एवढ्याशा बोलण्यामुळेच झाली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दिवसाला दोनशे टोप्या साच्यातून निघत. एक कारागीर प्रत्येक घंटी कानाशी धरून वाजवून पाही आणि बसक्या आवाजाच्या घंट्या पुन्हा वितळवायच्या टोपलीत टाकी. मला त्याने दोनदा वाजवले आणि शेजारच्याला म्हणाला, "हिचा गळा चांगला आहे." माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

पुढची एकोणीस वर्षे मी एका लॉजच्या काउंटरवर काढली. प्रवासी येत, मला दाबत आणि आतून मॅनेजर डोळे चोळत येई. दमलेली माणसे मला फार जोरात दाबत, लहान मुले उगीचच दाबत. पण मी वाजले म्हणजे काउंटरपुढे कुणीतरी उभे आहे, एवढे नक्की असे. माझ्या शब्दावर कुणी कधी शंका घेतली नाही. पुढे लॉजमध्ये मोबाईलने उघडणारी दारे आली. काउंटर गेला, मॅनेजर गेला आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात, चमच्यांच्या डब्यात जाऊन पडले.

तिथून मला ढापण्याने उचलले. लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा, म्हणून त्याच्या ताईने ठेवलेले हे नाव. हे दोघे बहीण-भाऊ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली घेऊन व्हिडिओ गेम बनवत. तो प्रोग्राम लिही, ती चित्रे काढी. ताई दुपारपर्यंत एका शाळेत चित्रकला शिकवायची आणि तिथून डबा घेऊन थेट खोलीवर यायची. खोलीत दोन टेबले, तीन खुर्च्या आणि पाय मोडलेला पंखा. शेजारी दातांचा दवाखाना होता आणि मधली भिंत प्लायवुडची होती. ही भिंत लक्षात ठेवा.

त्यांनी बनवलेल्या खेळाचे नाव होते 'हरवले-सापडले'. एका रेल्वे स्टेशनात हरवलेल्या वस्तूंचा काउंटर आहे आणि खेळणारा तिथला कारकून आहे. त्याने घंटी दाबली की पुढचा माणूस येतो, आपली हकीकत सांगतो आणि त्याच्या बोलण्यावरून कारकुनाने ओळखायचे की फडताळातली कोणती वस्तू त्याची. एक हातमोजा, एक कवळी, न उघडलेले पत्र, अशा बत्तीस वस्तू. बत्तिसावी वस्तू तिच्या माणसाला मिळाली की खेळ संपतो. सगळा मिळून चार तासांचा.

खेळातल्या काउंटरवरची घंटी मीच आहे. ताईने मला समोर ठेवून माझे चित्र काढले आणि बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून अंगावर रजई घेऊन माझा आवाज अकरा वेळा रेकॉर्ड केला. अकरावा तिला पसंत पडला.

खेळ इंटरनेटवरच्या दुकानात विक्रीला लागला त्या दिवशी ढापण्याने नियम केला, विकल्या गेलेल्या एका प्रतीमागे एक टोला. मोबाईलवर विक्रीची खबर आली की तो मला दाबी. पहिल्या दिवशी मी सदतीस वेळा वाजले. शेजारच्या नर्सबाईंना वाटे, डॉक्टर बोलावताहेत. त्या हातातले काम टाकून आत धावत आणि डॉक्टर म्हणत, मी नाही, पलीकडची पोरं. चौथ्या दिवशी त्या दारात येऊन म्हणाल्या की तुमचा धंदा चालू दे बाबांनो, पण माझ्या गुडघ्यांचाही विचार करा. ताईने त्यांना बसवून खेळ दाखवला, तेव्हा कुठे त्यांचा राग गेला.

पहिल्या महिन्यात सहाशे बारा प्रती गेल्या. मग वेग उतरत गेला, जसा तो बहुतेक खेळांचा उतरतो. सातव्या महिन्यात दिवसाला दोन, फार तर तीन. एक दिवस तर पूर्ण कोरडा गेला. संध्याकाळी ढापण्याचा हात शिवशिवला आणि बटणापर्यंत आला. ताईने त्यावर चापट मारली.

"खोटं वाजवायचं नाही," ती म्हणाली. "मग तिला काय अर्थ राहिला?"

मित्रांनो, मला त्या दिवशी ताईचा फार अभिमान वाटला. पुढे जे झाले त्यामुळे ती चापट मला अजून आठवते.

त्याच महिन्यात एका मोठ्या कंपनीचा निरोप आला. या कंपनीकडे शेकडो खेळ होते. महिन्याची वर्गणी भरायची आणि त्यातला हवा तो खेळ, हवा तेवढा वेळ खेळायचा. वाचनालयासारखं समज, असे ढापण्याने ताईला समजावले. कंपनीला 'हरवले-सापडले' वर्षभरासाठी आपल्या यादीत हवा होता. त्याबद्दल ती एकरकमी पैसे देणार होती, म्हणजे खोलीचे आठ महिन्यांचे भाडे सुटत होते. आपल्याला कोण ओळखतं, ढापण्या म्हणाला, निदान लोक खेळतील तरी. ताईने दोन दिवस विचार केला. तिला एकच शंका होती की तिथे मिळतो म्हटल्यावर विकत कोण घेईल. ढापण्याचे म्हणणे होते की आवडला तर घेतीलच, शिवाय मित्रांना सांगतील. तसे घडतेही. त्याच्या कॉलेजमधल्या मित्राचा खेळ चार-पाच जणांनी मिळून खेळायचा होता. वर्गणीच्या यादीत आल्यावर वर्गणी न भरणाऱ्या दोस्तांनी तो विकत घेतला आणि त्याची विक्री वाढली. पण आमचा खेळ एकट्याने खेळायचा आणि चार तासांत संपणारा. हा फरक तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही. ताईने सही केली.

यादीत आल्याच्या पहिल्याच दिवशी नऊ हजार लोकांनी खेळ सुरू केला. ढापण्या खुर्चीवरून उठला आणि मला दाबू लागला. टिंग, टिंग, टिंग. डॉक्टर स्वतः आले. त्यांच्या खुर्चीवरचा पेशंट प्रत्येक टोल्याला तोंड मिटत होता. ते हसत हसतच बोलले, पण जाताना खिशातून कापसाचा बोळा काढून टेबलावर ठेवून गेले. ढापण्याने मला उलटी केली आणि तो बोळा माझ्या टोपीत कोंबला. आता मी फक्त 'थप' म्हणत होते. त्याने नियमही बदलला, खेळ सुरू करणाऱ्या दर हजार माणसांमागे एक टोला.

"हे सगळे विकत घेणारे आहेत का?" ताईने विचारले.

"खेळणारे आहेत. तेच महत्त्वाचं ना?"

ती पुन्हा चित्राकडे वळली. मला 'थप'पलीकडे काही बोलता येत नव्हते. लॉजवर मी वाजले की माणूस काउंटरपुढे उभा असे. इथे कुणी दारात डोकावून निघून गेला तरी मी वाजत होते आणि आवाज तोच होता.

तिसऱ्या आठवड्यात, दिवसाला पाच-सहा टोले पडत असताना, ताईने शाळेचा राजीनामा दिला. तिला दुसरा खेळ पूर्ण वेळ करायचा होता. बारा मजली इमारतीतल्या लिफ्ट चालवणाऱ्या बाईची गोष्ट होती ती, आणि प्रत्येक मजल्यावर नवे बिऱ्हाड. राजीनाम्याची बातमी तिने खोलीत सांगितली, ढापण्याने कौतुकाने मला दाबले आणि मी 'थप' म्हटले. नर्सबाईंनी भिंतीपलीकडून विचारले की घंटी बंद का पडली. ढापण्या म्हणाला, उलट आता जास्तच वाजते.

सहा महिने असे गेले. ताई सकाळी आठला यायची आणि रंग लागलेल्या बोटांनीच घरी जायची. सात मजले काढून झाले. आठव्याला रंगाची बाटली आणायला पैसे मागताना तिने सहज विचारले,

"या महिन्यात प्रती किती गेल्या?"

"लोक किती आले ते बघ ना, ताई."

"ते नाही विचारलं. प्रती."

ढापण्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. "सात," तो म्हणाला.

"आणि ही किती वेळा वाजवलीस?"

तो बोटांवर मोजू लागला. मला माहीत होते. एकेचाळीस वेळा.

त्या दिवशी दोघांनी सगळे आकडे टेबलावर मांडले. तोवर पाच लाख लोकांनी खेळ उघडून पाहिला होता. निम्मे पाव तासात, तिसऱ्या वस्तूच्या आतच निघून गेले होते. यादीत पुढचा खेळ वाट पाहत होता. वीस हजारांनी तो पूर्ण केला आणि पूर्ण झालेला खेळ पुन्हा विकत कशाला घ्यायचा? राहिलेल्यांना वाटत होते, आहेच की आपल्याकडे, खेळू कधीतरी. यात कुणी वाईट वागले नव्हते. वर्गणी नसती तर यातल्या पुष्कळांनी आमच्या खेळाचे नावही ऐकले नसते, हेही खरे. पण दुकानातली विक्री आटली होती आणि ते कळायचे एकच साधन त्या खोलीत होते. ते साधन भलत्याच कामाला लावले होते आणि त्याच्या तोंडात कापूस होता.

"तुझं बरोबर होतं," ढापण्या म्हणाला. "खोटं वाजवलं मी."

"मी ऐकत होते की," ताई म्हणाली. "मलाही गोड लागत होतं."

वर्ष संपले. कंपनीने करार पुढे चालवला नाही. यादीत नवे खेळ येत होते. दुसऱ्या खेळाबद्दल विचारले तर उत्तर आले की या प्रकारचे खेळ सध्या पुरेसे आहेत. एका दिवसात 'हरवले-सापडले' सगळ्या घरांतून निघून गेला आणि त्या घरांतला माझा आवाजही थांबला. आता ज्यांना आवडला ते विकत घेतील, या आशेवर दोघे मोबाईलकडे बघत बसले. पहिल्या आठवड्यात बारा प्रती गेल्या. ताई जुन्या शाळेत जाऊन आली. तिच्या जागेवर दुसऱ्या बाई आल्या होत्या आणि त्या चांगल्या शिकवत होत्या.

दोन महिन्यांनी खोली सोडायचे ठरले, तेव्हा एक पत्र आले. लिहिणारे निवृत्त बस कंडक्टर होते. मुलाच्या वर्गणीवर ते रोज जेवण झाल्यावर एकच वस्तू परत करत, जास्त नाही. मध्ये आजारपणात खंड पडला होता. "एकतीस झाल्या," त्यांनी लिहिले होते. "परवा उघडायला गेलो तर खेळच नाही. घरातच आहे म्हटल्यावर मी घाई केली नाही, ही माझी चूक. बत्तिसावी वस्तू कुणाची, तेवढं कळवाल का?"

ढापण्या म्हणाला, त्यांना एक प्रत फुकट पाठवून देऊ. ताई म्हणाली, पाठव, पण खेळ दुकानात विकत मिळतो आणि त्यांच्या एकतीस वस्तू जशाच्या तशा राहतील हेही लिही. त्यांना माहीत नसेल. उत्तर दुसऱ्या दिवशी आले. "तीस वर्षं बिनतिकीट माणसाला खाली उतरवलं. आता मीच फुकट बसू? मुलाचा पास होता तोवर ठीक होतं. पास संपला. सूनबाईंना विचारून तिकीट काढतो."

खोली रिकामी करायच्या दिवशी टेबले दवाखान्यात गेली होती. लिफ्टवाल्या बाईचे सात मजले गुंडाळी करून दोरीने बांधले होते. मी खिडकीत होते. ढापण्याचा मोबाईल वाजला. एक प्रत विकली गेली होती. त्याने सवयीने मला दाबले.

थप.

दोघांनी माझ्याकडे पाहिले. ताईने मला उलटी केली आणि पेन्सिलीच्या टोकाने कापूस उकरून काढला. तो काळा पडला होता. तिने मला पदराने पुसले आणि खिडकीत नीट ठेवले.

"वाजव," ती म्हणाली.

"तूच वाजव, ताई."

तिने एकदाच दाबले. रिकाम्या खोलीत माझा आवाज मलाच मोठा वाटला. थोड्या वेळाने दारात नर्सबाई आल्या, हात पुसत.

"डॉक्टरांनी बोलावलं का?"

"नाही, बाई," ताई म्हणाली. "आमचा एक खेळ विकला गेला."

नर्सबाईंनी मला खिडकीत पाहिले. "किती दिवसांनी वाजली," असे म्हणून त्या परत गेल्या.

आता मी दूरच्या एका शाळेत, ताईच्या टेबलावर असते. मुलांचे रंगाचे पाणी बदलायची वेळ झाली की ती मला दाबते. ढापण्या दुसऱ्यांच्या कंपनीत प्रोग्राम लिहितो आणि रविवारी येतो. लिफ्ट अजून सातव्या मजल्यावरच उभी आहे. गुंडाळी कपाटावर आहे, तिच्यावरची धूळ मला इथून दिसते.

मित्रांनो, वर्गणी भरून खुशाल खेळा. त्यात पाप नाही. एरवी जे दिसले नसते ते तुम्हाला त्यातून दिसेल. पण एखादा खेळ मनात घर करून बसला, तर तो उद्याही तिथे असेल असे धरून चालू नका, आणि जमेल तेव्हा त्याचे तिकीट काढा. आणि माझ्यासारखी एखादी घंटी कधी तुमच्या हाती आली, तर ती कशासाठी वाजवायची हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका. एकच माणूस आला असेल तर एकदाच वाजवा. पण कापूस काढून वाजवा.