डार्करूममध्ये लाइट लागला

"स्वल्प जवळ या, गिरीअण्णा. हात दिसले पाहिजेत ना?"

डार्करूमच्या लाल उजेडात संहिताने कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. गिरीराज कॅमेरा घेऊन पुढे सरकला. त्याचं अर्धं आयुष्य यशवंतपुरात लग्नांचे व्हिडिओ काढण्यात गेलं होतं. हाताने फोटो छापणाऱ्या कलाकाराचं काम टिपायला, हेब्बाळच्या या स्टुडिओत, तो पहिल्यांदाच आला होता. त्याने काढलेली फिल्म तिच्या प्रदर्शनात दाखवायची होती.

"कुणाचा फोटो, अक्का?"

"अजितचा. माझा धाकटा भाऊ. आजारी पडायच्या आधी मीच काढलेला, वर गच्चीवर. तो गेला, आणि निगेटिव्हला हात लावायचा धीरच होईना. आज तुम्ही आहात सोबतीला."

कागदावर राखाडी सावली उमटू लागली. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मात्र नुसता काळोख. लग्नात वरमाला पडताना गिरीराजचं जे बोट आपसूक चालायचं, तेच चाललं. कॅमेऱ्यावरचा लाइट लागला.

त्याने झटकन विझवला, पण तेवढा पांढरा उजेड कागदाला पुरला; बघता बघता सावलीसकट अख्खा कागद काळाठिक्कर पडला.

गिरीराजने कॅमेरा खाली घेतला. गेलेल्या माणसाचा फोटो आपण घालवला! ट्रेच्या दोन्ही बाजूंना हात टेकून संहिता खाली बघत राहिली. मग तिचे खांदे हलू लागले.

"अक्का, चुकलं हो माझं…"

तिने मान वर केली. ती हसत होती.

"अहो, कागदच गेला! निगेटिव्ह आहे की जागेवर. इतकी वर्षं हीच भीती, बिघडलं तर काय? आता बिघडलं. काय झालं? काही नाही झालं!"

गिरीराज स्टुलावर मटकन बसला. कपाळाचा घाम पुसताना त्यालाही हसू आलं.

"सरी, चला, उठा. परत करू."

या खेपेला तिचे हात सैल, सराईत चालले. कागद एका ट्रेतून दुसऱ्यात गेला, शेवटी पाण्यात उतरला. मग तिने स्वतःच खोलीतला दिवा लावला.

"अय्यो! अजितच्या शर्टाची बटणं बघा. एक घर सोडून लावलीत. दिवसभर तसाच हिंडला असेल. मीपण सांगितलं नाही."

हातमोजा काढून तिने बोट पाण्यात घातलं आणि त्या बटणांवर हलकेच टेकवून ठेवलं.