दोन-शून्याचं ओझं

मी ग्युमरीच्या ‘आरेव’ फुटबॉल क्लबचा गुणफलक बोलतोय. बोलतोय कसला, कुरकुरतोय म्हणा. पन्नासहून जास्त हिवाळे बर्फ खाल्लेल्या फळ्या आहेत माझ्या, कुरकुरणारच. पण नुसत्या थंडीने मी इतका वैतागलो नसतो. मला वैताग आणला तो माणसांनी.

माझा जन्म एकोणसत्तर सालचा, मोज्यांच्या कारखान्यातला. तेव्हा या शहराचं नावही वेगळं होतं. कारखान्याचा संघ होता, आणि त्याला फलक हवा म्हणून मोज्यांच्या खोक्यांच्या जाड फळ्या जोडून मला उभं केलं. वीस वर्षांचा एक रंगारी होता, हमायाक. त्याने पत्र्यातून आकडे कापले, पांढरे रंगवले आणि माझ्या खिळ्यांना अडकवले. आकडे फक्त शून्य ते पाच. पुढचे का नाहीत असं कुणीतरी विचारलं, तर हमायाक म्हणाला, “सहा गोल आपण करणार नाही, आणि सहा खाल्ले तर मी घरी निघून जाईन.”

पाहुण्या संघांचे लोक आम्हाला ‘मोजेवाले’ म्हणायचे. मैदानात जुने, भोकं पडलेले मोजे फेकायचे. आमचे लोक तेच मोजे उचलून ओरडायचे, “जोडीतला दुसरा कुठंय रे? एका पायावर खेळता काय?” सूर्यफुलाच्या बिया सोलत, टरफलं थुंकत, एकमेकांच्या आया-बहिणींचं क्षेमकुशल विचारत सामने चालायचे. ते माझे सुखाचे दिवस होते. हमायाक शिडीवर चढायचा, आकडा उतरवायचा, दुसरा लावायचा. एका फलकाला याहून जास्त काय हवं असतं?

मग अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात जमीन हलली. कारखाना पडला, सकाळच्या पाळीसकट पडला. मी उभा राहिलो. का, ते मला अजून कळलेलं नाही. मैदानात तंबू लागले आणि लोक माझ्यावर खडूने नावं लिहू लागले, सापडत नव्हती त्यांची. आमच्या गोलकीपरचं नाव त्याची बहीण अकरा दिवस रोज लिहायची, कारण रोज बर्फ ते पुसून टाकायचं. बाराव्या दिवशी ती आली नाही. त्या हिवाळ्यात माझ्या अंगावर एकही आकडा नव्हता. त्याबद्दल मी याहून जास्त बोलणार नाही.

पुढे देश स्वतंत्र झाला आणि आम्हाला आमची स्वतःची लीग मिळाली. वीज मात्र नव्हती, आणि शेगडीत घालायला लाकूडही नव्हतं. मैदानाभोवतीची झाडं गेली, बाकं गेली, माझ्या पाठीच्या दोन फळ्याही गेल्या. त्याचा मला राग नाही. कुणाचं तरी पोर त्या रात्री उबेत झोपलं असेल. पण अशा उपाशी, काळोख्या वर्षांत हा संघ पुन्हा उभा राहिला, हे ध्यानात ठेवा. म्हणजे पुढच्या गोष्टीवर माझं डोकं का फिरतं ते तुम्हाला कळेल.

संघ उभा केला सेदराकने. पीठगिरणीवाला, आवाजाने मोठा, मनानेही मोठा. तो हमायाकचा कावोर. लग्नात पाठीशी उभा राहतो आणि मुलांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरतो, तो कावोर. हमायाकची मुलगी शुशान, तिला सेदराकने असंच धरलं होतं. आमच्याकडे सख्ख्या भावाशी भांडतील, शेजाऱ्याशी कोर्टात जातील, पण कावोरचा शब्द खाली पडू देत नाहीत.

पंचाण्णव सालच्या शेवटच्या सामन्यात राजधानीचा संघ आमच्या मैदानावर आला. जिंकलो तर आम्ही देशाचे विजेते! त्र्याऐंशीव्या मिनिटाला माझ्यावर आकडे होते दोन-शून्य. आरेव दोन, पाहुणे शून्य. लोक टोप्या उडवत होते. तेवढ्यात पंचाने आमच्याविरुद्ध पेनल्टी दिली. चूक होती, मान्य. चेंडू खांद्याला लागला होता, मी वरून पाहिला. आमचे म्हातारे प्रशिक्षक आर्शाविर तावातावाने आत गेले, आणि पंचाने त्यांच्या छातीला हात लावून त्यांना मागे ढकललं.

बस्स. सेदराक प्रेक्षकांतून उठला.

“आमच्या म्हाताऱ्याला हात लावतो? पोरांनो, बाहेर या! नामूस गेला, अब्रूच गेली, तर कप काय चाटायचाय?”

आणि अकराच्या अकरा बाहेर आले!

अहो, दोन-शून्य होतं! पेनल्टी गोलात गेली असती तरी दोन-एक. सात मिनिटं राहिली होती. सात मिनिटं नुसते चेंडूवर बसून राहिला असतात तरी जिंकला असतात. हातातोंडाशी आलेला घास मातीत टाकला आणि वर टाळ्या वाजवल्या! हो, सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. सेदराकला खांद्यावर घेऊन लोकांनी वेशीपर्यंत नेलं. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी काय बोललो असतो, ते इथे लिहिता येणार नाही.

आठवड्याने लीगचं पत्र आलं. मैदान सोडलं म्हणून निकाल शून्य-तीन, कप राजधानीला. हमायाक तीनचा आकडा काखेत मारून शिडी चढू लागला, तेव्हा सेदराक खाली येऊन उभा राहिला.

“हमायाक जान, हात लावू नकोस त्याला.”

“कावोर, पत्र आलंय.”

“पत्र त्यांचं, फलक आपला. तुझ्या पोरीला मी या हातात धरलंय. माझं एवढं ऐक. हे दोन-शून्य राहू दे.”

हमायाक आकडा तसाच काखेत घेऊन खाली उतरला.

तेव्हापासून ते दोन-शून्य माझ्या छातीवर बसलं, ते बसलंच. खिळ्यांना गंजून चिकटलं. खाली एक काळी पाटी टांगली आणि चालू सामन्याचे गोल तिच्यावर खडूने लिहू लागले. म्हणजे बघा, मी गुणफलक आणि माझ्यावर जुना निकाल! तोही खोटा! लग्नातली वरात माझ्यापुढे फोटो काढायला थांबायची. पेले उचलून म्हणायची, “आपल्या नामूसासाठी!” पडलो तरी नाक वर, दुसरं काय.

क्लबचं पुढे काय झालं? जे व्हायचं तेच. रागाने लीग सोडली, मग रागाने परत आले. एका संगमरवरवाल्या शेठने क्लब उचलून राजधानीत नेला, आपल्या कंपनीचं नाव दिलं, तीन वर्षांत कंटाळला आणि सोडून दिला. विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन क्लब फिरला. माझ्या माथ्यावर सहा वेळा नाव रंगवलं. कुठेही नखाने खरवडा, खाली दुसराच क्लब निघतो. आणि दर दोन-तीन वर्षांनी कुठला तरी पंच काहीतरी चुकीचं देणार, कुणीतरी ओरडणार “बाहेर या!” आणि आमचे वीर निघाले बाहेर! छातीवर दोन-शून्य मिरवत मीच त्यांना हे शिकवत होतो की काय, या विचाराने मला वाळवीपेक्षा जास्त पोखरलं.

शेवटी क्लब परत उभा केला तो शुशानने, हमायाकच्या मुलीने. शाळेत गणित शिकवते. चार वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून तिने ‘आरेव’ हे नाव सोडवून आणलं आणि दुसऱ्या गटात संघ उतरवला. गेल्या वसंतात तो संघही एकदा परगावी मैदान सोडून आला! फुटबॉल संघटनेचं पत्र आलं की पुन्हा असं केलं तर क्लबचं नाव कायमचं काढू. त्या दिवशी शुशान माझ्या खाली उभी राहून बापाला म्हणाली, “बाबा, हे दोन-शून्य उतरव. पोरं हे बघत मोठी झालीत. त्यांना वाटतं, आपण त्या दिवशी जिंकलो.”

“कावोरला शब्द दिलाय, पोरी.”

“मग क्लब मेला की त्या शब्दाचं लोणचं घाल!”

ती तरातरा निघून गेली. हमायाक खाली उभा राहून माझे गंजलेले खिळे निरखत होता. चौऱ्याहत्तरीचा झालाय आता.

मोसमाचा शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. जिंकलो असतो तर वरच्या गटात गेलो असतो. सत्तराव्या मिनिटाला आम्ही एका गोलाने मागे होतो. आमच्या कप्तानाने, तोर्गोमने, डोक्याने चेंडू जाळ्यात घातला आणि पंचाने ऑफसाइड म्हणून तो रद्द केला. ऑफसाइड नव्हता. मी वरून पाहतो, मला कळतं.

सेदराक उठला. हातात काठी, पण आवाज तोच. “पोरांनो, बाहेर या! ग्युमरीकर अपमान गिळत नाहीत!”

तोर्गोमने दंडावरची पट्टी काढली. शुशान रेषेवर धावत गेली. “कुणीही बाहेर यायचं नाही! तोर्गोम, पट्टी बांध!” पण तिचं कोण ऐकतंय? चौघे-पाचजण चालायलाही लागले होते. लोक टाळ्या वाजवत होते, त्याच जुन्या टाळ्या.

मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात माझ्या अंगावर शिडी टेकली. हमायाक हातोडी घेऊन चढला. आधी काय करतोय ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मग गंजलेल्या खिळ्यावर पहिला घाव बसला आणि सगळे वर बघू लागले. दोनचा आकडा सुटला आणि खाली आपटला. पाहुण्यांच्या बाजूचं शून्य काढून त्याने आमच्या बाजूला लावलं. मग कोटाच्या आतून, हो, काखेतून, तीनचा आकडा काढला. किती दिवस कोटाखाली घेऊन फिरत होता, देव जाणे.

आरेव शून्य, पाहुणे तीन.

“हमायाक, उतर!” सेदराक ओरडला. “लोक बघतायत!”

“बघू देत, कावोर. अठ्ठावीस वर्षं खोटंच बघतायत. आपण तो सामना हरलो होतो. सात मिनिटं उभं राहायचा धीर नव्हता म्हणून हरलो. मीही टाळ्या वाजवल्या होत्या!”

कुणीतरी त्याला सफरचंद फेकून मारलं. ते मला लागलं. कुणीतरी शिवी दिली. पण टाळ्या थांबल्या. तोर्गोमने मान वर करून माझ्यावरचे आकडे वाचले. मग त्याने पट्टी दंडावर चढवली आणि चालत निघालेल्या पोरांना मागे ढकललं, “चला, चला, वीस मिनिटं आहेत!”

तुम्हाला वाटेल, मग आम्ही जिंकलो. कसले जिंकतो! आणखी एक गोल खाल्ला. शून्य-दोन. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मैदानावर आमचे अकरा जण होते, चिखलाने माखलेले, रडवेले, पण अकरा. दुसऱ्याच गटात राहिलो. पण राहिलो तर खरे.

हे अठ्ठावीस वर्षांपूर्वी केलं असतंस तर, हमायाक! असं मी अजून रोज म्हणतो. माझी कुरकुर जायची नाही.

नवा मोसम परवा सुरू झाला. हमायाकने सकाळीच येऊन माझे खिळे घासले, तेल लावलं, आणि दोन्ही बाजूंना शून्य अडकवलं. शून्य-शून्य. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सामना सुरू झाला, लोक ओरडत होते, पण हमायाक मैदानाकडे बघतच नव्हता. त्याची नजर पलीकडे सेदराकच्या रिकाम्या जागेवर होती. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं नाही.

सेदराक, ऐकतोयस ना? तुझा आवाज गिरणीपर्यंत ऐकू यायचा, माझी कुरकुर तिथवर पोचते का, माहीत नाही. ये रे बाबा. हमायाकला शिव्या घाल, पंचाला घाल, हवं तर मला काठीने बडव. पण ये, आणि या वेळी शेवटच्या शिट्टीपर्यंत बस.