भिंतीपलीकडची मोरी

"मावशी, पाणी चढ चढत नाही," फरशीवर पट्टी टेकवून उतार बघत प्लंबर म्हणाला.

"माझ्या घरात सगळे माझं ऐकतात. पाण्यालाच काय शिंगं फुटलीत?" थोरल्या जावेने खाटेवरची चादर ताणली.

पाणी आत आणणारा पाइप केव्हाच जोडून झाला होता. खाटेच्या उशाशी भिंतीवर हवा दमट ठेवणारं वाफेचं यंत्र बसलं होतं आणि चाचणीपुरती सोडलेली वाफ खोलीभर तरंगत होती. खाट, खिडकी, औषधांचं कपाट, सगळं पाण्याच्या तळाशी असल्यासारखं हलत होतं. नवरा उद्या घरी यायचा होता, श्वासासाठी गळ्याला भोक पाडलेला. हवा कोरडी राहिली तर त्या भोकात कफ वाळेल, श्वास अडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण यंत्रातून गळणारं पाणी बाहेर जायला उतार एकाच बाजूला होता, धाकट्या जावेच्या मोरीकडे.

"खाली बादली ठेव. मी ओतीन."

"आणि तुमचा डोळा लागला की? गरम पाणी असतं ते."

मधली भिंत वाटणीच्या वेळी थोरलीनेच घालून घेतली होती. गवंड्याला म्हणाली होती, अशी जाड घाल की पलीकडची शिंकसुद्धा इकडे यायला नको. तेव्हापासून दोघी जावा समोर आल्या की मान फिरवायच्या.

"तू विचार जा तिला."

"विचारलं. म्हणाल्या, दार उघडं आहे, ज्यांना हवंय त्यांनी यावं."

"बघा! सुंभ जळला तरी पीळ जात नाही बयेचा."

प्लंबर हत्यारं पिशवीत भरू लागला. थोरलीने उशीतला खळगा तळव्याने सपाट केला. तो पुन्हा पडला. मग ती उठली. वाफेत तिची तिला पावलं दिसेनात. झोपेत चालावं तशी ती निघाली आणि पलीकडच्या दारात कधी पोचली, कळलंच नाही.

धाकटी मोरीतच होती. बादल्या हलवून तिने कोपरा कोरडा पुसला होता. भिंतीवर साबणाच्या वडीने फुली मारली होती.

"इथे पाडू दे भोक. तुमच्या खाटेचं उसं इथेच येतं."

"तुला गं काय ठाऊक? कधी पाऊल टाकलंस माझ्याकडे?"

"भाऊजींचा खोकला इथूनच यायचा." धाकटीने नळ उगाच घट्ट केला. "थांबेपर्यंत बसायचे मी इथे."

थोरलीने फुलीशेजारी हात टेकला. भिंत गार होती.

मागून प्लंबर ड्रिल घेऊन आला. "मावशी, पाइपापुरतंच पाडतो. बाजूची फट लगेच सिमेंटने बुजवून टाकतो."

"पाड," थोरली म्हणाली. हात तिथेच होता. "बुजवायची काही घाई नाही."