उभा दगड

“दगड फोडून हाडं झिजली माझी, वैनी. मला शिकवू नका!”

ग्रिफ एवढ्या जोरात ओरडला की गाई रवंथ करायच्या थांबल्या. मार्गेडच्या गोठ्यातला कोपऱ्याचा लाकडी खांब कुजला होता आणि वर माळ्यावर हिवाळ्याची वैरण गच्च भरलेली. ग्रिफ तिचा दीर, पाटीच्या दगडाच्या खाणीत कामाला. त्यानं पुरुषभर उंचीचा एक तुकडा गाडीवर घालून आणला आणि तुळईखाली उभा केला. मी शेजारी म्हणून पहार धरायला.

“आवो भावजी, थर उभं आलं की,” मार्गेड म्हणाली. “वरनं भार पडला की वहीवानी पानं सुटतील त्याची. चपटं दगड रचा एकावर एक, थर आडवं.”

“रचलेला खांब म्हातारीच्या दातावानी दिसतो. ह्यो बघा, चर्चला शोभंल असा!” आणि लगेच मनातलं बोलला, “बर्फ वितळंस्तवर ह्यो टिकला, तर शेताचा कारभार माझ्याकडं. बाईमाणसाचं काम न्हाई ते.”

भाऊ गेल्यापासनं त्याचा त्या शेतावर डोळा. गोड पाक देणाऱ्या मेपलच्या राईवर तर जास्तच.

मार्गेडनं बाह्या सावरल्या. “चालंल. पर न्हाई टिकला, तर पुन्हा त्यो विषय काढायचा न्हाई.”

आमच्या व्हरमाँटचा बर्फ कुणाची भीड धरत नाही. नाताळ सरला तसा छपरावर बर्फ चढत गेला. एका सकाळी मार्गेड धारा काढत होती, तर दगड ‘टक्’ करून बोलला. खालपासनं वरपर्यंत केसाएवढी भेग! तिनं मला बोलावून दाखवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर भेग गायब. वर चुना फासलेला आणि खांबाला पिंपाची लोखंडी पट्टी आवळलेली. दाराबाहेर बर्फात ग्रिफच्या बुटांचे ठसे.

“जाऊन विचारू का त्याला?” मी म्हटलं.

“गप बसा, सायलसभाऊ,” मार्गेड हसू दाबत म्हणाली. “चला, दगड आणू.”

खांबाला लागूनच आम्ही चपटे दगड आडवे रचले. तुळईला बोटभर कमी, म्हणजे भार ग्रिफच्याच दगडावर राहील. वरनं रिकामी पोती सोडून झाकलं.

रविवारी ग्रिफ थेट पाद्रीबाबांनाच घेऊन आला आणि ऐटीत दगडाला पाठ टेकून उभा राहिला.

“डोंगर हाय, बाबा, डोंगर!”

“टेकू नका, भावजी.”

“का? भ्या वाटतं?”

टक्. टक् टक्. मग कडाड्! पट्टी सुटली ती ग्रिफची टोपीच घेऊन गेली. दगडाची पानं दोन्ही अंगांना पसरली. तुळई बोटभर खाली आली आणि आमच्या रचाईवर धप्पदिशी बसली. वरची काडी हलली नाही. ग्रिफ मात्र तांबड्या गाईच्या पोटाखाली, शेणात. तिनं मान वळवून त्याला हुंगलं. पाद्रीबाबांनी तोंडावर रुमाल धरला आणि प्रार्थना सुरू केली. खांदे हलत होते त्यांचे.

कारभाराची गोष्ट त्यानंतर निघाली नाही. हवा उघडल्यावर मार्गेडनं खुराड्याच्या छपरासाठी ती पानं वेचली आणि ठोकायला ग्रिफलाच बोलावलं. आला बिचारा.

छपरावर बसून एकेक पान ठोकता ठोकता म्हणाला, “पर दगड चांगला व्हता, वैनी.”

“तर वो!” खालनं पुढचं पान त्याच्या हातात देत मार्गेड म्हणाली. “निजवला की लई गुणाचा.”