गळका नळ

यजमान रामगोंडा बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेले, तसा गुणमालाबाईंनी गच्चीवरचा कॉक बंद केला, स्वयंपाकघरातला नळ खोलला आणि आतला रबरी वायसर काढून त्याला दाढीच्या ब्लेडनं चीर पाडली. चांगला धडधाकट वायसर होता. मग तो होता तसा बसवला, नळाच्या तोंडाला पाणी गाळायचं फडकं पुन्हा बांधलं आणि कॉक सोडला. फडक्यातून थेंब पडायला लागला, तशा त्या हात पुसून भाजी निवडायला बसल्या.

तुम्ही म्हणाल, बाई खुळी की काय? खुळी नव्हती. दुसरा इलाज उरला नव्हता.

दिवाळीच्या आधी त्यांचा एकुलता एक मुलगा गोमटेश कराडहून गाडीवरून येताना हायवेवर अपघातात गेला. तेव्हापासून रामगोंडा खाटेवर आडवे झाले ते झालेच. सकाळी बस्ती, दिवस मावळायच्या आत दोन घास, की भिंतीकडं तोंड. रडले नाहीत, बोलले नाहीत. गुणमालाबाईंनाही रडू येत नव्हतं. पण चूल कुणाला चुकलीय? म्हणून त्या निदान चालत्याफिरत्या होत्या.

नाहीतर हा माणूस स्वस्थ बसणारा नव्हे. हळदीच्या पेढीवर दिवाणजी होता, पण घरात मिस्त्रीला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. मिक्सर, इस्त्री, पावसाळ्यात ठिबकणारा पत्रा, सगळं स्वतः करणार. बोट ठेचून घेईल, पण हातोडी सोडणार नाही.

मध्यंतरी न्हाणीच्या दाराची कडी खरोखरच निघाली. रामगोंडा न सांगता उठले, कडी बसवली आणि चहा पिताना म्हणाले, "शेवग्याला शेंगा धरल्या की गं." कितीतरी दिवसांत तेवढंच एक वाक्य. गुणमालाबाईंनी त्यावर आठवडा काढला. मग कधी खुर्चीचा स्क्रू ढिला कर, कधी इस्त्रीची पिन सैल कर, असं सुरू झालं. पहिल्यांदा ते उठले. पुढं पुढं उठेनात.

"आवं, खुर्ची डुगडुगतीया."

"असू दे."

म्हणून आज नळ. गोमटेश लहानपणी नळ सोडून पळाला की हे ओरडायचे, थेंबाथेंबात जीव असतात रं, पाप लागंल. गुणमालाबाईंनी जन्मभर पाणी गाळून प्यालेलं. चीर पाडताना त्यांनी मनातच सांगून टाकलं, पाप माझ्या माथी, पण हे माणूस उठू दे.

रामगोंडा आले आणि आडवे झाले.

"आवं, नळ गळतोय."

गुणमालाबाईंनी नळाखाली पातेलं लावलं. पातेलं भरलं. त्यांनी ते शेवग्याच्या बुडात ओतलं आणि परत नळाखाली लावलं. जेवणं झाली. पातेलं पुन्हा भरलं. यालाही उठले नाहीत तर आता घरात मोडायला राहिलं काय?

"किती जीव चाललेत ओ," त्या म्हणाल्या.

खाट करकरली. रामगोंडा पाना घेऊन आले. कॉक बंद केला, नळ खोलला आणि वायसर खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. झिजलेला वायसर असा सरळ फाटत नाही. त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला.

"तू कापलास?"

"व्हय."

"खुर्चीचंबी तूच केलंवतंस. ठावं हाय मला."

"मग उठला का न्हाईसा?"

"उठून कुणासाठी करायचं, असं वाटलं."

"मी हाय की."

रामगोंडांनी नवा वायसर घातला, नळ आवळला, फडकं स्वतःच बांधलं. थेंब थांबला. घर एकदम गप्प झालं आणि त्या गप्पपणात दोघांनाही गोमटेश आठवला. रडू मात्र कुणालाच आलं नाही. ते परत खाटेवर जाऊन भिंतीकडं वळले. गुणमालाबाई पातेलं उचलून दारापर्यंत गेल्या, तेव्हा पाठीमागून आवाज आला.

"पाण्याला पुन्हा हात लावू नगंस."

"बरं."

"कपाटाची बिजागरी हाय बघ, वरची. ती ढिली कर उद्या." त्यांनी कूस बदलली. "लय घट्ट हाय. दमानं कर. मी उठतो."