खरमोराची उडी कोण बघणार?

मी एक म्हातारा खरमोर आहे. हसू नका मित्रांनो! नावात मोर असला तरी मी जेमतेम कोंबडीएवढा. पण श्रावणात माझी काळी पिसं आणि डोक्यावरचे तुरे बघाल, तर नावं ठेवणार नाही.

अमझेऱ्याजवळच्या बिडात माझा जन्म झाला. बीड म्हणजे संस्थानाने घोड्यांसाठी राखलेलं गवताचं रान. गवत उन्हावर वाढतं, गवत खाऊन नाकतोडे जगतात आणि नाकतोडे खाऊन मी. आता गंमत ऐका. जो तो खाल्लेल्यातलं बरंचसं स्वतःच्याच धावपळीत खर्चून टाकतो, पुढच्याला उरतं थोडंच. म्हणून गवत रानभर, नाकतोडे टोपल्या भरून आणि खरमोर मात्र मोजकेच. मोजक्यांना संपायला वेळ लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या वाट्याचं ऊन मी उड्यांत उधळायचो. गवत माझ्याहून उंच, मग मादीला मी दिसणार कसा? टर्रर्र करत गवतावर उडी घ्यायची, पुन्हा खाली, पुन्हा वर. असं दिवसभर. मादी बघायची, कधी मान फिरवून चालती व्हायची. भारी चोखंदळ! पण यायची.

संवत एकोणीसशे त्रेसष्टच्या श्रावणात बंदुका घेऊन संस्थानाचे पाहुणे आले. मादीला दिसणारी उडी बंदुकीलाही दिसते, मित्रांनो. माझे भाऊबंद उडी मारतानाच पडले. मग गवत झोडपून पाखरं उठवली, त्या हाक्यात माद्या गेल्या, तितर-लावेही गेले. मी एका काटेरी झुडपाखाली दडून बसलो होतो, म्हणून वाचलो.

बिडाचा कारभार बघणारे कामदार दत्तोपंत पगडी सावरत पाहुण्यांमागे धावत होते. गवत कापणाऱ्या सुभद्राबाईने त्यांना हटकलं, "रावसाहेब, पाखरं संपली तर नाकतोडे काय तुम्ही वेचणार?"

"अगं बाई, पाहुण्यांना नाकतोड्यांचं कारण सांगू? हसतील मला!"

पालथ्या घड्यावर पाणी! पुढच्या दोन पावसाळ्यांत नाकतोडे असे मातले की गवताचे नुसते खराटे उरले. पागेतले घोडे उपाशी खिंकाळू लागले. दत्तोपंत बिडाच्या कडेला मटकन बसले आणि म्हणाले, "सुभद्राबाई, तुझंच खरं होतं गं."

"मला सांगून काय फायदा, मालक? शिकार बंदचा हुकूम काढा, जल्दी!"

हुकूम निघाला. त्याला आता तीन वर्षं झाली. आसपासचे तितर परतले, नाकतोडे आवरले, यंदा गवत कमरेइतकं वाढलं आहे. माझं पोट भरलेलं असतं. मी सकाळपासून उडतो, धाप लागेपर्यंत उडतो. पण बघायला एकही मादी नाही. दुसऱ्या खरमोराची टर्रर्रसुद्धा ऐकू येत नाही. भांडायला तरी कोणी असावं की नाही? फार एकटं वाटतं हो.

सुभद्राबाई विळा बाजूला ठेवून माझी उडी बघते. "उड रे बाबा, येईल ती," म्हणते. बिचारी माझं मन राखते.

मित्रांनो, दत्तोपंतांचा हुकूम चांगलाच आहे. तुम्हीही मोठे झालात की असे हुकूम काढाल. फक्त आमच्यातले निदान दोघे उरलेले असताना काढा.