क्रमांक अकरा

तेमिरकुल आगायनी मेंढीच्या उकडलेल्या मुंडीचा डावा कान सुरीने अलगद कापला आणि जेवणासाठी पसरलेल्या दस्तरखानावरून पुढे केला.

"घे, चोलपोन. सगळ्यांत लहान तू. मोठ्यांचं ऐकत जा."

चोलपोनने दोन्ही हातांनी कान घेतला आणि उलटून बघितला. कानाच्या मधोमध एक स्वच्छ, गोल भोक होतं. ते तिनेच पाडलं होतं, गेल्या वर्षीच्या जून महिन्यात, क्रमांकाचा बिल्ला अडकवण्यासाठी.

आगाय म्हणजे सर; हे तिचे विद्यापीठातले मार्गदर्शक. मुंडीचा मान त्यांचा होता, कारण पाहुणे तेच होते. मास्टर्सचे सगळे विषय चोलपोनने पार केले होते. संख्याशास्त्र तेवढं दोनदा द्यावं लागलं. आता राहिला होता फक्त प्रबंध: मेंढ्यांच्या पोटातले जंत. निम्म्यांना औषध पाजून, निम्म्यांना न पाजता, दोन उन्हाळे ती वीस मेंढ्यांच्या मागे लेंड्या गोळा करत आणि त्यांतली जंतांची अंडी मोजत हिंडली होती. शहरात सहा वर्षं शिकून ओसमोनची पोरगी लेंड्या मोजायला परत आली, असं कुरणावरचे शेजारी तिच्या तोंडावर म्हणायचे. तिनं ते हसून गिळलं होतं. जेवण झालं की आगाय वीसच्या वीस मेंढ्या स्वतः मोजणार, फॉर्मवर सही करणार आणि सप्टेंबरात ती काराकोलच्या पशुतपासणी केंद्रात नोकरीला लागणार, असं ठरलेलं होतं. आणि मागच्याच वर्षी याच आगायनी तिसाऐवजी एकोणतीस बेडूक आणणाऱ्या मुलाला वर्षभरासाठी परत पाठवलं होतं.

"कुमीस आणते," असं पुटपुटत ती घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या निमित्ताने उठली आणि वडिलांना डोळ्यांनी खुणावत यर्टच्या, म्हणजे त्यांच्या लोकरी तंबूच्या, बाहेर आली.

"बाबा, कुठली मेंढी कापली?"

"चांगली होती ना? चरबी बघितलीस?" ओसमोन खुशीत होता.

"कुठली?"

ओसमोनने कोटाच्या खिशातून पिवळा बिल्ला काढला. धुऊन, पुसून ठेवलेला. "हा जपून ठेवलाय बघ. विद्यापीठाची वस्तू, परत द्यावी लागेल म्हटलं."

अकरा.

"विसांना हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना मी!"

"अगं, पण मास्तर आले म्हणजे तुझं काम झालंच की! आणि बाकीच्या सगळ्या हडकलेल्या. तू औषध पाजलेल्या तेवढ्याच काय त्या धष्टपुष्ट. तुझ्या मास्तरांसमोर मरतुकडी मेंढी ठेवू? तू सकाळी घोडा घेऊन त्यांना आणायला गेलीस, तेव्हाच म्हटलं, आज मनासारखी कापायची."

तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. पण वडिलांच्या चेहऱ्यावरची खुशी ओसरत चाललेली बघून तिच्याच्याने दोन्ही होईना. ती आत गेली आणि बिल्ला आगायच्या ताटाशेजारी ठेवला.

आगायचं तोंड भरलेलं होतं. त्यांनी बिल्ल्याकडे बघितलं, मग मुंडीकडे. चघळणं थांबलं.

"अकरा?"

"अकरा."

"औषधाच्या गटातली?"

"हो, आगाय."

त्यांनी तोंडातला घास मोठ्या कष्टाने गिळला. हात पुसले, चष्मा लावला आणि कोटाच्या आतल्या खिशातून विभागाची नियमपुस्तिका काढली. तिच्या कडा झिजल्या होत्या; पाठ असूनही ते ती प्रत्येक वेळी वाचूनच दाखवत.

"नमुन्यातले प्राणी किमान वीस. नैसर्गिक कारणाने झालेले दोन मृत्यू ग्राह्य, मात्र शवविच्छेदनाची नोंद हवी." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "शवविच्छेदन कोणी केलं?"

ओसमोन दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. एवढ्यात चोलपोनची आई कालिपा रश्श्याचं भांडं घेऊन आत आली.

"आतडी कोणी धुतली?" आगायनी विचारलं.

"मी. दुसरं कोण धुणार इथं?"

"जंत दिसले?"

"एक नाही!" कालिपाने भांडं खाली ठेवलं. "तीस वर्षं आतडी धुतेय मी. कधी मूठभर निघतात, कधी ओंजळभर. आज उलटी करून बघितली, उजेडात धरून बघितली, काही नाही. मीच घाबरले. म्हटलं, ही मेंढी आजारी तर नव्हती?"

चोलपोनने मान वर केली. औषधाने जंत जातात, हे दोन वर्षांच्या लेंड्यांतून तिला ठामपणे सांगता आलं नव्हतं, ते आईने एका दमात सांगून टाकलं होतं. आगाय फॉर्मवर भराभर लिहीत होते. मग पेन थांबलं.

"मृत्यूचं कारण," ते म्हणाले आणि दाराकडे वळले. "ओसमोन, पाहुणा दारात आला आणि तुमच्याकडे मेंढी कापली नाही, असं कधी झालंय?"

ओसमोनचा चेहरा लाल झाला. "असं कसं होईल? लोक तोंडात शेण घालतील! माझ्या बापाच्या वेळी झालं नाही, आज्याच्या वेळी झालं नाही."

"म्हणजे पाहुणा आला की मेंढी मरणारच."

"मरणारच!"

आगायनी सुबक अक्षरात लिहिलं: नैसर्गिक. खाली सही केली, तारीख घातली आणि मुंडी पुन्हा पुढे ओढली. "उरलेल्या एकोणीस रश्श्यानंतर मोजू. थंड होईल तो."

चोलपोनच्या डोळ्यांत पाणी आलं. आईने ते चुलीच्या धुरामुळे आहे असं समजून यर्टचा पडदा वर केला.

ओसमोनने मात्र टोपी पुन्हा डोक्यावर घातली. बिल्ला आत गेल्यापासून पहिल्यांदा तो मोकळेपणाने हसला. "मास्तर, नैसर्गिक किती चालतात म्हणालात?"

"दोन."

"आणि तुम्ही उद्या न्याहारी करूनच निघणार ना?"

आगायनी उत्तर द्यायच्या आत चोलपोन उठली. हातातला भोकाचा कान चघळत ती मेंढ्यांच्या वाड्यापाशी गेली आणि फाटकाला पाठ लावून बसली.